रेल्वेनं नको, गाडीनंच सोड

इंग्लंडला जाऊन आलेला माणूस पहिला आठवडा हवामानावर बोलतो, दुसरा आठवडा कोथिंबिरीच्या भावावर, आणि खरी बातमी तिसऱ्या आठवड्यात फुटते. आमच्या शेजारच्या काकूंनी हा क्रम पाळला नाही. रविवारी पहाटे त्यांची टॅक्सी आली आणि सोमवारी सकाळी साडेसातला त्या भिंतीपाशी उभ्या. "जेटलॅग वगैरे काही नसतं गं. झोप येत नाही एवढंच. ये इकडे, तुला लेस्टरचं सांगायचंय."

"लेस्टर शेवटी," वरून काकांचा आवाज आला. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ते पेपर घेऊन बसले होते. "क्रमानं सांग. आधी हॅरो."

आमची इमारत वेगळी, त्यांची वेगळी, सोसायट्याही वेगळ्या. मध्ये कंपाउंडची भिंत. मुलुंड पूर्वेला अशा दोन-तीन मजली जुन्या इमारती आता मोजक्याच उरल्यात. बाकी ठिकाणी निळे पत्रे लागलेत आणि पत्र्यांवर होऊ घातलेल्या टॉवरची चित्रं, ज्यात झाडं हिरवीगार आणि माणसं गोरी असतात. आमचे पत्रे लागायचेत. तोवर भिंत आहे आणि भिंतीवर कोपर टेकून बोलायची सोय आहे.

तर काकूंचं इंग्लंडातलं गणगोत असं: लेक-जावई हॅरोला. बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, चेल्टनहॅमला. मोठ्या दिरांची मुलगी बर्मिंगहॅमला आणि मुलगा लेस्टरला. मोठे दीर आणि जाऊबाई दोघंही आता नाहीत. त्यांचा फ्लॅट मात्र आहे, काकूंच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, कुलूप लावलेला. हे कुलूप लक्षात ठेवा.

काका-काकू उन्हाळाभर लेकीकडे राहिले. परतीचं विमान रविवारी मुंबईत उतरणार, त्याआधीचे दिवस नातेवाइकांसाठी. लेकीनं एक्सेलमध्ये तक्ता केला. हॅरोहून जावई गाडीनं चेल्टनहॅमला सोडणार, तिथून भाचा बर्मिंगहॅमला, तिथून पुतणी लेस्टरला, आणि लेस्टरहून पुतण्या थेट हीथ्रो विमानतळावर. जड बॅगा लेक परस्पर तिथे आणणार. एका घरानं म्हातारा-म्हातारी उचलायची आणि पुढच्या घरी पोचती करायची.

"कुणाकडे किती वाजता, चहा की जेवण, सगळं त्यात होतं," काकू म्हणाल्या. "तिथे असं उठून कुणाकडे जाता येत नाही. तीन आठवडे आधी ग्रुपवर विचारायचं. इथे तू मला मीठ मागायला तीन आठवडे आधी कळवतेस का?"

मी मागच्याच आठवड्यात मीठ मागितलं होतं, पण त्या इंग्लंडात होत्या, म्हणून गप्प बसले.

लंडनबद्दल काकूंना फारसं सांगायचं नव्हतं. काकांना होतं. काका बँकेतून निवृत्त झालेले आणि मुलुंड पश्चिमेच्या महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयाचे जुने सभासद. जाण्यापूर्वी त्यांनी वहीत यादी केली होती. प्रिमरोज हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर राहत होते. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. मेडा व्हेलमधलं लोकमान्यांचं घर, ज्याच्यावर निळी पाटी आहे. हायगेटमधलं इंडिया हाऊस, तिथे सावरकरांच्या नावाची पाटी. आणि डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळ. "१९३२ सालचं," काका गॅलरीतून म्हणाले, "न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं सुरू झालेलं. आपल्या सेवा संघाच्या ग्रंथालयाला नाव कुणाचं आहे? न. चिं. केळकरांचं. नाव एकच आणि वर्गणी पौंडात!"

"प्रत्येक पाटीखाली माझा फोटो," काकू म्हणाल्या. "आणि फोटोत मी अर्धी. पाटी पूर्ण."

मग हॅरोहून निघाले. जावयाची गाडी, मागच्या सीटवर नातू त्याच्या खास खुर्चीत. मूल बारा वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत अशा खुर्चीत बसवायचा तिथे कायदाच आहे. मागे बसलेल्या मोठ्यांनाही पट्टा लावावा लागतो. साडीच्या निऱ्या, पदर आणि पट्टा यांचं जमेना, तेव्हा काकूंनी त्या प्रवासापुरता पंजाबी ड्रेस घातला, जो एरवी त्या फक्त डॉक्टरांकडे जाताना घालतात.

काकांना गाडी चालवायची फार हौस होती. आपलं लायसन तिथे पहिले बारा महिने चालतं, स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडचा, सगळं आपल्यासारखंच. जावई म्हणाला, बाबा, लायसन चालतं पण विमा चालत नाही, तुमचं नाव घातलं तर हप्ता वाढेल. विषय तिथेच संपला. मग काका पुढे बसले आणि त्यांनी चौकांवर लक्ष ठेवलं. तिथे सिग्नलपेक्षा गोल चौक फार, आणि नियम एकच, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणी मध्ये घुसत नाही.

"आपल्या पाच रस्त्याला हा नियम लावला तर," काका म्हणाले, "सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत उजवीकडच्यांनाच सोडत बसेल."

हमरस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ७० मैल, म्हणजे ११२ किलोमीटर. टोल मात्र जवळजवळ कुठेच नाही. बर्मिंगहॅमला वळसा घालणारा एम ६ टोल हा ठळक अपवाद. काकांचं अर्धं आयुष्य मुलुंडच्या टोलनाक्यावर रांगेत गेलेलं. छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, तरी नाका दिसला की त्यांचा हात आपोआप खिशाकडे जातो. जावयाला ते तासभर विचारत होते, मग रस्त्याचा खर्च कोण करतं? जावई म्हणाला, कर. काका म्हणाले, कर आम्हीही भरतो. यापुढचं संभाषण काकूंनी सांगितलं नाही, पण मला अंदाज आहे.

हॅरो सोडून अर्धा तास झाला नसेल तोच काकांनी गाडी थांबवायला लावली. एम ४० वर बीकन्सफील्ड नावाचा थांबा आहे. पेट्रोल, खाणं, स्वच्छतागृह, सगळं एकत्र. जावयाला वाटलं, वय झालं, असेल घाई. काकांनी वही काढली.

"सांगतो मी," काका म्हणाले, आणि पेपर घडी करून ठेवला. म्हणजे बेत मोठा होता. "राघोबादादांनी १७८१ साली आपली बाजू मांडायला इंग्लंडला वकील पाठवले होते. हणमंतराव नावाचे एक ब्राह्मण गृहस्थ आणि बरोबर पारशी मंडळी. लंडनात त्यांची आबाळ व्हायला लागली. कोण विचारतो? तेव्हा एडमंड बर्क, पार्लमेंटातला नावाजलेला वक्ता, त्यांना या बीकन्सफील्डच्या आपल्या घरी घेऊन आला. आणि हणमंतरावांचं सोवळं-ओवळं सांभाळायला त्यानं त्यांना बागेतलं काचेचं रोपघर मोकळं करून दिलं. तिथे त्यांनी आपला स्वयंपाक आपल्या हातानं करायचा."

"काचेच्या घरात फोडणी," काकू म्हणाल्या. "बाहेरून सगळे बघत असतील."

"आणि परत आल्यावर समुद्र ओलांडला म्हणून त्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं," काकांनी पुरवणी जोडली.

"आपल्याला इमिग्रेशनची रांग," काकू म्हणाल्या. "तीही काही कमी नाही."

त्या थांब्यावर बाकावर बसून सगळ्यांनी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. जावयानं एक कॉफी घेतली आणि तिची किंमत सासऱ्यांना सांगितली नाही. शहाणा मुलगा आहे.

ऑक्सफर्ड ओलांडून गाडी आडवाटेला लागली ती वाँटेज नावाच्या गावासाठी. हाही काकांच्या वहीतला मुक्काम. गाव लहानसं, मधल्या चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा. पण काका त्याच्यासाठी नव्हते गेले. पंडिता रमाबाई १८८३ साली इथल्या ननांच्या मठात येऊन राहिल्या. वय पंचवीस, नवरा आदल्या वर्षी वारलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा. आपलं 'स्त्रीधर्मनीती' हे पुस्तक विकून आलेल्या पैशातून त्यांनी बोटीच्या प्रवासाची तजवीज केली. डॉक्टर व्हायला आल्या होत्या, पण कानानं कमी ऐकू येत होतं म्हणून ते राहिलं. त्याच सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि इकडे पुण्यात गदारोळ उठला. पुढे चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथेच संस्कृत शिकवलंही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिननं त्यांची पत्रं जपून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला वाचायला मिळतात. साहित्य संस्कृती मंडळानं १९७७ साली ती छापली.

इथे काकूंनी काकांना थांबवलं, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. "वाँटेजहून चेल्टनहॅमला आम्हाला गाडीनं सव्वा तास लागला. मऊ सीट, पाय लांब करायला जागा, आणि मी तेवढ्यात दोनदा पाणी मागितलं. ती बाई लेकराला घेऊन कशी गेली असेल? तिला कोणत्या काकूनं वाटेत पुऱ्या करून दिल्या असतील? दिरांचं धर्म-धर्म मला कळत नाही. पण एकट्या बाईनं परमुलखात मूल घेऊन शिकायचं म्हणजे खायचं काम नाही." काकू नवऱ्याच्या वाचनाला एकूणच 'दिरांचं' म्हणतात. कारण पुस्तकांचा नाद मूळ मोठ्या दिरांचा.

चेल्टनहॅमच्या भाच्याकडे दोन दिवस. तो इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. बायको पंजाबी, स्वभावानं चांगली, "पण पोळीला तूप लावत नाही, लोणी लावते." पहिल्याच संध्याकाळी काकूंनी मोहरी-हिंगाची फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. भाचा टॉवेल घेऊन अलार्मखाली वारा घालत उभा, सून खिडक्या उघडते आहे, आणि काका शांतपणे म्हणतात, "बर्कनं काचेचं घर दिलं ते उगाच नाही." त्यानंतर काकूंनी भात लावला, कुकरच्या शिट्ट्या झाल्या, आणि शेजारची म्हातारी काय झालं बघायला आली. तिला बसवून वरण-भात वाढला. त्या आवारातली हीच एक अशी भेट, जी तीन आठवडे आधी ठरलेली नव्हती. भाचा म्हणाला, मावशी, चार वर्षं राहतोय, आज तिचं नाव कळलं.

"आता बर्मिंगहॅम," काकू म्हणाल्या, आणि कोपरं भिंतीवर नीट टेकवली. काकाही वर गप्प झाले. मला समजलं की इतका वेळ इतिहास का चालला होता.

पुतणी आणि पुतण्या, सख्खी भावंडं, बर्मिंगहॅम आणि लेस्टरला राहतात. मध्ये तासाभराचा रस्ता. मुलुंडहून ठाण्यात घोडबंदर रोडला जायला कधी कधी एवढाच वेळ लागतो. आणि ही दोघं कित्येक वर्षं एकमेकांच्या दारात गेली नव्हती. राखी पोस्टानं, वाढदिवसाला ग्रुपवर केक. कारण? वरचं कुलूप. मोठ्या दिरांनी सोसायटीत नॉमिनी म्हणून मुलाचं नाव दिलं होतं. ते गेल्यावर मुलाला वाटलं फ्लॅट आपला. मुलगी काही बोलली नाही, पण बोलणंच बंद केलं. रिडेव्हलपमेंटची चर्चा सुरू झाली, कार्पेट एरिया, कॉर्पस असे शब्द घरात आले, आणि गाठ आणखी घट्ट बसली.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे मुलुंडमधल्या निम्म्या घरांना अजून माहीत नाही. सोसायटीला व्यवहार करायला एक माणूस हवा म्हणून ते नाव. मृत्युपत्र नसेल तर बापाच्या स्वकमाईच्या जागेत मुलीचा वाटा मुलाएवढाच, आणि हे काही परवाचं नाही, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनचं आहे. काका बँकेत होते, त्यांना हे सगळं पाठ. त्यांनी पुतण्याला फोनवर समजावलंही होतं. पण फोनवर समजावलेलं आणि भिंतीला सांगितलेलं सारखंच. आमची भिंत सोडून.

एक्सेलच्या तक्त्यात एक गोष्ट काकूंच्या नजरेतून सुटली नव्हती. बर्मिंगहॅम ते लेस्टर या रकान्यात पुतणीच्या नावापुढे लेकीनं 'गाडी' लिहिलं होतं, ते नंतर खोडून 'ट्रेन' झालं होतं. पुतणी बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवर ट्रेनमध्ये बसवून देणार आणि पुतण्या लेस्टर स्टेशनवर उतरवून घेणार. थेट ट्रेन आहे, तासाभराची, सोयीची. म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांना दिसायला नकोत.

काकू दोन दिवस काही बोलल्या नाहीत. पुतणीनं टिव्हिडेलच्या बालाजीच्या देवळात नेलं, २००६ साली बांधून झालेलं, तिरुपतीच्या धर्तीवरचं प्रचंड देऊळ. काकूंनी मनोभावे नमस्कार केला. काय मागितलं ते मला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून झाल्यावर त्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझा गुडघा आखडलाय. रेल्वेनं नको, तू गाडीनंच सोड."

"गुडघा खरंच आखडला होता?" मी विचारलं.

"बासष्टच्या पुढे गुडघा रोज आखडलेलाच असतो. कधी सांगायचं ते आपण ठरवायचं."

पुतणी हो म्हणाली. तिला दुसरं काही म्हणता येईना. आईच्या जागी काकू. वाटेत एम ६ वर एक अक्षर बोलली नाही. एम ६९ ला लागल्यावर म्हणाली, "काकू, मी आत येणार नाही हं. उतरवून लगेच निघेन." काकू म्हणाल्या, बरं.

लेस्टरला दारात पोचल्यावर पुतणीनं इंजिन चालूच ठेवलं. पुतण्या घरातल्या चपला घालून बाहेर आला. बहिणीकडे बघितलं नाही, थेट डिकी उघडली. बॅग काढली. मग मागच्या सीटवरची पिशवी काढायला वाकला आणि थांबला. पिशवीत स्टीलचा उभा डबा होता, भाजणीचा. पुतणीनं काकूंना वाटेत खायला चकल्या भरून दिल्या होत्या. डब्यावर जाऊबाईंचं नाव कोरलेलं, खाली सासरचं आडनाव, आणि मंगळागौरीचं वर्ष. मुलुंडच्या स्टेशनबाहेर तेव्हा भांड्यांवर नाव कोरणारा बसायचा, त्याच्या हातचं ते तिरकं अक्षर.

"हा आईचा डबा तुझ्याकडे आहे होय?" पुतण्या म्हणाला. इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य हे.

"आणि कुकर कुणी नेला?" पुतणी काच खाली करून म्हणाली. "पाच लिटरचा. आणि पुरणयंत्र?"

"पुरणयंत्र माझ्याकडे नाही."

"मग कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे," काकू म्हणाल्या. "मुलुंडला. तुमच्या आईनंच दिलं मला. आता इंजिन बंद कर, पेट्रोल जळतंय."

पण गाडी तिथे लावता येत नव्हती. त्या गल्लीत रहिवाशांनाच परवानगी, बाहेरच्या गाडीला दंड. पुतण्या घरात गेला आणि पाहुण्यांसाठीचं परमिट घेऊन आला. काकूंचा दावा असा की त्यानं त्यावर त्या दिवसाची तारीख घातली आणि बहिणीच्या हातात न देता स्वतः काचेमागे ठेवलं. मग दोघंजण डबा, कुकर, तांब्याचा बंब, देवघरातली समई आणि आईच्या दोन पैठण्यांवरून जे भांडायला लागले ते रात्रीच्या जेवणापर्यंत. पुतण्याची बायको घाबरली. काकूंनी तिला सांगितलं, "भांडू दे. भांड्यांवरून भांडतायत तोवर काळजी नाही. फ्लॅटवरून गप्प होती, ते वाईट होतं."

दुपारी सगळे बेलग्रेव्ह रोडवर गेले. त्या रस्त्याला तिथे गोल्डन माइल म्हणतात. सोन्याची दुकानं, साड्या, फरसाण, पानवाला. काकूंना वाटलं मुलुंड पश्चिमेला आलोय. कच्छी-गुजराती बोलणं कानावर पडलं तेव्हा तर खात्रीच. काकांनी तिथेही वही काढली. १९७२ साली इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना हाकललं, त्यातले सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये आले. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या गावाला येऊ नका, इथे जागा नाही. लोक आलेच. आणि आज तीच नगरपालिका त्यांच्या दिवाळीसाठी रस्त्यावर रोषणाई करते.

"जाहिरात नसती दिली तर निम्म्या लोकांना लेस्टर नावाचं गाव आहे हेही कळलं नसतं," काकू म्हणाल्या. मला वाटतं, हे काकांपेक्षा चांगलं इतिहासलेखन आहे.

त्या रात्री पुतणी लेस्टरलाच राहिली. सकाळी हीथ्रोला जायला दोन गाड्या निघाल्या, कारण तिनंही यायचं ठरवलं. एम १ वरून खाली, मग लंडनला वळसा घालणारा एम २५, १९८६ साली पूर्ण झालेला, १८८ किलोमीटरचा. त्या रस्त्यावर इतकी गर्दी होती की काकांना घोडबंदरची आठवण आली आणि परदेशात पहिल्यांदाच त्यांचं मन प्रसन्न झालं. खड्डेही होते, असं ते मुद्दाम सांगतात. विमानतळाच्या दारात नुसतं उतरवायचेसुद्धा पैसे पडतात. दोन गाड्यांचे दोनदा पडले. ते कुणी भरायचे यावर भावंडांचं पुन्हा जुंपलं. लेक-जावई बॅगा घेऊन आले होते. सगळे एकत्र उभे राहिले, कुणीतरी फोटो काढला. चेल्टनहॅमचा भाचा सोडला तर इंग्लंडात राहणारं काकूंचं सगळं कुटुंब एका ठिकाणी दिसतं असा तो एकच फोटो, आणि मागे पाटी आहे 'ड्रॉप ऑफ ओन्ली'.

"आणि फ्लॅट?" मी विचारलं. इतका वेळ धीर धरला होता.

आता काका बोलले. पुतण्यानं विमानतळावर त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, काका, दोघांची नावं लावायला काय कागद लागतात? काकांनी तिथल्या तिथे वहीच्या मागच्या पानावर यादी करून दिली. वारसांचं प्रतिज्ञापत्र, बाबांचा मृत्यूचा दाखला, कुलमुखत्यारपत्र काकांच्या नावे. मुखत्यारपत्र तिकडे नोटरीपुढे करून ब्रिटिश सरकारचा अपॉस्टिल शिक्का घ्यायचा, आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. तीन महिने गेले की नुसती कटकट. काकांनी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

"झालं म्हणायचं मग," मी म्हटलं.

"काही झालेलं नाही," काकू म्हणाल्या. "पुरणयंत्र दोघांनाही हवंय."

तर वाचकहो, येत्या महिन्यात तुमच्या ओळखीतलं कुणी बर्मिंगहॅम किंवा लेस्टरला जाणार असेल तर कळवा. काकूंना एक पाकीट पाठवायचंय, गोडा मसाला, मेतकूट आणि सुकी लसणीची चटणी, वजन सव्वा किलो. तूप, पेढे, खवा त्यात काही नाही. दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत हे काकूंना पक्कं ठाऊक आहे. पुरणयंत्रही नाही. दोघांसाठी दोन पाकिटं करायची गरज नाही. कुठल्याही एकाच्या घरी दिलंत तरी चालेल, दुसऱ्याकडे ते आपण होऊन पोचवतील.